लिअँडरला डावखुरा हवा होता

आमच्या सेंट लिओबा गावात लिअँडर होशेनला कुणी ‘कसा आहेस?’ असं विचारत नाही. विचारलं की तो गावची बेसबॉल टीम कशी आहे ते सांगतो, आणि मग समोरच्याची सुटका नसते. मी एकदा खोकल्याचं औषध आणायला निघालो होतो. दुकानाच्या दारात हा भेटला, ‘दुसऱ्या बेसवर आपली बाजू लंगडी आहे’ म्हणून सुरू झाला, आणि त्याचं संपेपर्यंत माझा खोकला बरा झाला होता.

मी या गावचा अंत्यविधीवाला. गेलेल्या माणसाला नीट कपडे घालून, नीट पेटीत ठेवून, चर्चमागच्या दफनभूमीत पोचवायचं हे माझं काम, आणि उन्हाळ्यात दर रविवारी बेसबॉलच्या मैदानावर माइक धरून खेळाडूंची नावं पुकारायची ही माझी हौस. दोन्हीकडे आवाज एकच लागतो, सावकाश आणि गंभीर. बाहेरगावचे लोक या गोष्टीला हसतात. हसोत बापडे, आज ना उद्या माझ्याकडेच यायचंय.

लिअँडर पंचावन्नला टेकलेला, बुटका आणि रुंद. जन्मभर कॅचर म्हणून फलंदाजाच्या मागे उकिडवा बसल्यामुळे तो उभा राहिला तरी आता बसेल असं वाटतं. चेंडू झेलून झेलून उजव्या हाताची दोन बोटं अशी वाकलीत, की त्याने कुणाला वाट दाखवली तर पाहुणा शेजारच्या गावी पोचतो. पोटापाण्यासाठी तो दुधाचा टँकर चालवतो, जिल्हाभरच्या गोठ्यांतून दूध गोळा करून डेअरीत नेऊन ओततो. पण तो धंदा. खरं काम म्हणजे टीमचा मॅनेजर. आमच्याकडे खेळायचे पैसे कुणाला मिळत नाहीत. शेतकऱ्यांची पोरं, नळवाले, एक शाळामास्तर, असे सगळे मिळून आमची टीम, आणि त्यात काय कमी आहे याचा घोर वर्षभर लिअँडरला.

हा रोग त्याच्या अंगात इतका भिनलाय, की टीमबाहेरही तो तेच करतो. चर्चच्या गाणाऱ्यांत जाड आवाज कमी पडतोय हे त्याने ऐन ईस्टरला सांगितलं. फादर क्लेमेंस यांच्या प्रवचनाबद्दल तर त्याचं मत पक्कं आहे: “फादर सुरुवात झकास करतात. पण शेवटच्या डावात दमतात. तेवढ्यापुरता दुसरा माणूस आणायला हवा.” फादरना हे कळलं. तेही बेसबॉलवाले, त्यामुळे रागावण्याऐवजी त्यांनी प्रवचन आवरतं घेतलं.

मॅनेजर असला तरी खेळाडूंच्या यादीत लिअँडरचं नाव कायम होतं. आठ नंबरचा लाल शर्ट. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून तो खेळत नव्हता, अपवाद फक्त ऑगस्टमधल्या चर्चच्या जत्रेचा. त्या दिवशी मैदानाशेजारी मोठमोठ्या हंड्यांत बूया शिजत असतो, म्हणजे मटण, कोंबडी, कोबी, बटाटे सगळं एकत्र घालून केलेला रस्सा. सगळा गाव लोटतो, आणि शेवटच्या डावात लिअँडर बॅट घेऊन बाहेर येतो. बाकीच्यांचं मी नाव, आडनाव, नंबर असं रीतसर पुकारतो. याच्या वेळी एवढंच म्हणतो, “आणि आता, आपला लिअँडर!” लोक बिअरचे पेले घेऊन उभे राहतात. तो जीव खाऊन बॅट फिरवतो, बहुतेकदा बाद होतो, टोपी काढून सगळ्यांना नमस्कार करतो. मग सॉसेजच्या टपरीतून त्याची बायको रीटा ओरडते, “झालं ना कौतुक? या आता भांडी घासायला!”

त्या शर्टावर त्याचा एवढा जीव, की त्याने मला बजावून ठेवलं होतं, “हे बघ ग्रेगर, मी गेल्यावर मला कोटबिट घालू नकोस. लाल शर्ट घाल. टोपी हातात दे.” मी बरं म्हटलं. गिऱ्हाइकाची इच्छा.

आता आमच्या मैदानाची एक खोड सांगायला हवी. मैदानाचं उजवीकडचं कुंपण फार जवळ आहे, कारण त्याच्या पलीकडे लगेच दफनभूमी. तिला मागे सरकवता येत नाही. डाव्या हाताने खेळणारा फलंदाज चेंडू उजवीकडेच ओढतो, म्हणजे आमच्याकडे त्याने नुसता टोला उचलला तरी चेंडू कुंपणाबाहेर, थेट माझ्या गिऱ्हाइकांच्या अंगावर. लिअँडर स्वतः डावरा. तरुणपणी त्याने मारलेला एक चेंडू त्याच्या वडिलांच्याच थडग्याच्या दगडावर जाऊन आदळला, तो टवका अजून दिसतो. “बाबा जन्मभर म्हणत राहिले, तुला लांब मारता येत नाही म्हणून,” असं तो तिथे फुलं ठेवताना सांगतो.

गेल्या जुलैत रोझेनाउची टीम आमच्याकडे आली, ती डावऱ्या फलंदाजांची फौज घेऊनच. आमचे सगळे पिचर उजव्या हाताने फेकणारे, आणि उजव्याचा चेंडू डावऱ्याला बशीत वाढल्यासारखा येतो. त्यांनी आमची पार धूळधाण केली. दुसऱ्या दिवशी मी थडग्यांमधून बादलीभर चेंडू वेचले. म्हाताऱ्या श्रीमती ओबरमायर यांच्या थडग्यावरच्या देवदूताचा पंख मोडला होता. आणि ऑगस्टअखेरच्या बाद फेरीत याच रोझेनाउशी पुन्हा आमचीच गाठ पडणार होती.

पुढच्या रविवारी प्रार्थना झाल्यावर चर्चच्या तळघरात कॉफी आणि डोनट घेऊन आम्ही बसलो. खेळाडूंच्या याद्या त्याच आठवड्यात बंद व्हायच्या होत्या. त्यानंतर ना कुणाला घेता येत, ना कुणाला देता येत. प्रत्येकाकडे उपाय होता. एक म्हणाला कुंपण उंच करा, दुसरा म्हणाला रोझेनाउवाल्यांना आधी बूया खायला घाला म्हणजे धावता येणार नाही.

लिअँडरने टेबलावर मूठ आपटली. “डावखुरा पिचर हवा. डाव्या हाताने फेकलेला चेंडू डावऱ्यापासून लांब पळतो. मी डावरा आहे, मला कुणी शिकवू नये. डावखुऱ्याचा बाहेर जाणारा चेंडू माझ्या बॅटला जन्मात कधी लागला नाही.”

“ते आम्ही दर जत्रेत बघतोच की,” रीटा म्हणाली.

डावखुरा होता, पण क्राउझविलमध्ये. ओढ्यापलीकडचं हे गाव म्हणजे आमचा पिढीजात वैरी. कोल्बी रायटर त्याचं नाव, धान्याच्या कोठारावर काम करणारा काटकुळा पोरगा. क्राउझविल त्या वर्षी तळाला गेलं होतं, त्यामुळे त्यांचा मॅनेजर व्हर्जिल स्टँग पोराला सोडायला तयार झाला असता. अडचण होती ती रिवाजाची. आमच्या भागात गाव आपला खेळाडू असाच देत नाही, माणसाला माणूस घेतो. आजोबांच्या काळात एका गावाने दुसऱ्याचे खेळाडू गोड बोलून पळवले आणि त्या गावाला मैदानात नऊ जण उभे करता येईनात, तेव्हापासून हा रिवाज पडलाय. दोन्ही मॅनेजरांनी ओढ्याच्या पुलावर यायचं, जाणाऱ्या माणसाचा शर्ट धुऊन, इस्त्री करून, घडी घालून समोरच्याच्या हातात द्यायचा. शर्ट गेला की माणूस गेला.

“मग द्यायचा कोण?” मी विचारलं.

लिअँडरने डोनटचे तुकडे केले आणि टेबलावर मैदान मांडलं. एकेक तुकडा उचलून तो विचार करू लागला. पहिल्या बेसवाला? पळता येत नाही, वाकता येत नाही. पण त्याची आई टपरीसाठी ॲपल पाय भाजते, तो गेला तर ॲपल पायही गेला. तिसऱ्या बेसवाला? चेंडू बघितला की डोळे मिटतो. पण मैदान सपाट करायचा ट्रॅक्टर त्याचा. शाळामास्तर? त्याला काढलं तर लिअँडरच्या नातवाचं गणित बोंबलेल. प्रत्येक तुकडा तोंडापर्यंत जायचा आणि परत जागेवर यायचा. टीमची गरज इतक्या कसोशीने तपासणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका हळवाही.

“एकही काढण्यासारखा नाही,” तो म्हणाला.

रीटाने मांडणीच्या बाहेर, बशीच्या कडेला पडलेल्या एका तुकड्याकडे पाहिलं. “एक राहिला.”

“कुठला?”

“काही नाही. कॉफी पी, गार होतेय.”

मी पटकन माझ्या कपात डोकं घातलं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं, वर्षातून एकदा बॅट धरणारा यादीत कोण आहे ते. पण बोलणार कोण? माझी तरी हिंमत नव्हती.

मंगळवारी त्याने मला टँकरमध्ये घातलं. “चल, व्हर्जिलचं दूध उचलायचंय. तुझ्यासमोर तो जरा नीट बोलतो.”

“माझ्यासमोर सगळेच नीट बोलतात,” मी म्हटलं.

व्हर्जिल स्टँग उंच, वाळका, बारा महिने एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा. त्याच्या गोठ्याशेजारच्या दुधाच्या खोलीत लिअँडरने नळी जोडली, पंप सुरू केला आणि टँकर भरताभरता विषय काढला.

“तुझा कोल्बी मला हवा.”

“ठाऊक आहे. देवदूताचा पंख मोडला म्हणे.” व्हर्जिलला हसू येतं तेव्हा फक्त कान हलतात. ते हलले. “बदल्यात?”

“आमचा धाकटा कॅचर घे. तुमच्या कॅचरचा अंगठा फाटकात चेंगरला ना? तुला कॅचरच हवा.”

“तुमच्या त्या पोराला? तो चेंडूला घाबरतो. चेंडू आला की माझी गाय मुंडी फिरवते तशी फिरवतो.”

“मग पहिल्या बेसवाला घे. आईसकट.”

“लिअँडर, मला कॅचर हवा. खराखुरा.” व्हर्जिलने पंप बंद केला. “मला तू हवास.”

लिअँडर आधी हसला. मग माझ्याकडे पाहून हसला. मी हसलो नाही, तेव्हा थांबला.

“अरे, माझे गुडघे बघ!”

“बघतोय की. गेली कित्येक वर्षं एक दिवसाआड या खोलीत वाकून नळी जोडतोस, ते काय मला दिसत नाही? जाड पट्टे बांध आणि बस. तळाची टीम आहे आमची, आम्हाला कोण विचारतंय? पण माझी पोरं फेकतात आणि पलीकडे झेलायला कुणी नाही. तुझ्या गावात तू बाकावर बसतोस, म्हाताऱ्या. माझ्याकडे दर रविवारी खेळशील.”

“आणि माझी टीम?”

“तुझ्या टीमला काय हवंय ते तूच आत्ता सांगितलंस.”

परतीच्या रस्त्यावर मका खांद्याएवढा झाला होता, एरवी त्यावरही लिअँडरचं मत असतं. मला त्याची फार दया आली, आणि व्हर्जिलचा राग आला. राग यासाठी, की त्या वाळक्या माणसाचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

मी त्यांच्याकडेच जेवायला थांबलो. रीटाने ओव्हनमधून हॉटडिश, म्हणजे खिम्यावर बटाटे रचून भाजलेलं आमच्याकडचं जेवण, काढला. लिअँडर आत गेला आणि लाल शर्ट घेऊन बाहेर आला. आठ नंबर. त्याने तो इस्त्रीच्या टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसला.

रीटाने शर्टाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. काय झालं ते तिने विचारलंही नाही.

“धुतलेलाच आहे,” तो म्हणाला. “पण घडी मोडलीय.”

“व्हर्जिलने मागितला?”

“हं. मी सगळ्यांना एकेक करून तपासलं, रीटा. दोनदोनदा तपासलं. फक्त एकाला तपासलंच नव्हतं.” त्याने शर्टाची बाही सरळ केली. “ज्याचं आपल्या टीममध्ये काहीच काम नाही, असा एकच आहे.”

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण हॉटडिश समोर होता. रीटाने इस्त्री तापायला ठेवली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “काम नाही कसं? वर्षातून एकदा लोकांना हसवत होतास. आता दर रविवारी हसवशील, फरक एवढाच.” मग तिने नाक ओढलं आणि बाह्यांना इस्त्री फिरवू लागली. “आणि आपल्या टीमचं कोण बघणार?”

“तू. नाहीतरी टपरीतून ओरडून सांगतेसच. आता बाकावरून सांग.”

“सॉसेज कोण भाजेल?”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, काय करणार? लिअँडरचा चेहरा जरा उजळला, पण लगेच पुन्हा पडला. “ग्रेगर, आता मला कुठल्या शर्टात पुरशील रे?”

“आधी मरून तर दाखव,” मी म्हटलं. “आत्ता यादी बंद व्हायचीय ती तुझी नाही, टीमची.”

यादी बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळी ओढ्याच्या पुलावर दोन्ही गावांची माणसं जमली. व्हर्जिलने कोल्बीचा हिरवा शर्ट आणला होता, आणि वरून एक कोरा हिरवा, आठ नंबरचा, मापाने भला रुंद. रीटाने लाल शर्ट व्हर्जिलच्या हातात दिला. रिवाजाप्रमाणे तो त्याने घरी न्यायचा असतो. व्हर्जिलने घडीवर हात फिरवला आणि शर्ट रीटाला परत दिला. “हा तुमच्याकडेच असू दे. अंत्यविधीवाल्याने मला गाठून सांगितलंय की याचं पुढे काम आहे.” त्याचे कान हलले. मी वाहत्या पाण्याकडे बघत राहिलो.

जत्रेच्या रविवारी आमच्याकडे क्राउझविल खेळायला आलं. गुडघ्यांना दोरखंडासारखे पट्टे बांधून लिअँडर पहिल्या डावापासून हिरव्या शर्टात बसला होता, आणि काय बसला होता! चेंडू मातीत पडो, डोक्यावरून जावो, त्याच्या हातातून एक सुटेना. पिचर पोरांना शिव्या, पंचाला टोमणे, आमच्या फलंदाजांना त्यांच्या बायकांच्या खबरा. तो पाच वर्षांनी तरुण दिसत होता. आमचेच लोक चुकून टाळ्या वाजवत होते आणि मग इकडेतिकडे बघत होते. बाकावर रीटा हाताची घडी घालून बसली होती. मी एका हातात चिमटा आणि दुसऱ्यात माइक अशा अवस्थेत होतो, सॉसेज एका बाजूने काळे झाले.

शेवटचा डाव आला. आम्ही एका धावेने पुढे. क्राउझविलचे तिघांतले दोन बाद, एक जण तिसऱ्या बेसवर. रीटाने उठून आमच्या पिचरला बोलावून घेतलं आणि चेंडू कोल्बीच्या डाव्या हातात दिला. आणि क्राउझविलचा पुढचा फलंदाज म्हणून बॅट खांद्यावर टाकून लिअँडर बाहेर आला.

मी माइक उचलला. समोरच्या कागदावर होतं, क्राउझविल, नंबर आठ, कॅचर. मी “क्राउझविलचा” म्हटलं आणि पुढचं वाचता येईना. इतक्या लोकांना पोचवलं मी, माझा आवाज कधी दगा देत नाही. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं.

“आणि आता,” मी म्हणालो, “आपला लिअँडर!”

बिअरचे पेले घेऊन दोन्हीकडचे लोक उभे राहिले. व्हर्जिलसुद्धा. लिअँडरने वळून माझ्याकडे पाहिलं, टोपी उचलली, आणि बॅट घट्ट धरली.

पहिला चेंडू त्याने सोडला, स्ट्राइक; अशा तीन झाल्या की फलंदाज बाद. दुसऱ्याला असा टोला हाणला, की चेंडू दफनभूमीकडे झेपावला आणि कुंपणाच्या खांबाच्या बाहेरून गेला. मैदानाच्या हद्दीबाहेर, म्हणजे पुन्हा स्ट्राइक. हातभर आत असता तर क्राउझविल पुढे गेलं असतं. रीटाने बाकावरून कोल्बीला नुसती मान हलवून खूण केली, बाहेर, खाली. नवऱ्याच्या बॅटला कुठला चेंडू लागत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

कोल्बीने तोच फेकला. चेंडू सरळ आला, आणि लिअँडरच्या जवळ येताच बाहेर पळाला. लिअँडरने सगळं अंग झोकून बॅट फिरवली, वारा तेवढा हलला, आणि तो मातीत फतकल मारून बसला. बाद. सामना संपला, आम्ही जिंकलो.

एक क्षण कुणाला कळेना, आनंद करायचा की काय. तेवढ्यात मातीत बसल्याबसल्याच त्याने दोन्ही हात वर केले आणि हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आमच्या बाकाकडे बॅट रोखून तो ओरडला ते माझ्या माइकशिवायही दफनभूमीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

“सांगितलं होतं की नाही? डावखुराच हवा होता!”